थोरलीच्या जागा

बंगळूरला मुलीकडं गेले होते. संध्याकाळी तिनं फ्रीजमधून एक जुडी काढून ओट्यावर ठेवली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, टोकाला जांभळट झाक असलेल्या दहा-बारा हिरव्या दांड्या, रबरबँडनं बांधलेल्या. "अ‍ॅस्परॅगस," ती म्हणाली. "लोण्यावर परतायचं, वर मीठ-मिरपूड. झालं." मी किंमत विचारली. तिनं सांगितली नाही, त्यावरून काय ते समजले.

एक दांडी घेऊन मी खिडकीपाशी उजेडात गेले. दांडीवर थोड्या थोड्या अंतरानं त्रिकोणी खवले अंगाला चिकटून बसलेले होते. शेंड्याकडं ते दाट होत गेलेले. मुलीला वाटलं, आई ताजी-शिळी बघते आहे. मी बघत होते ते दुसरंच. हा कोंब माझ्या ओळखीचा होता. माझ्या ओळखीचा होता तो याच्या निम्मा जाड, मातकट रंगाचा आणि चवीला किंचित कडसर. संकेश्वरजवळच्या एका माळावर, मिरगाचा पाऊस पडून चार दिवस झाल्यावर, आत्तीच्या बोटाच्या टोकाशी पाहिलेला.

"ही तर आपली शतावरी," मी म्हटलं.

"शतावरी म्हणजे ती पावडर?"

हो, ती पावडर. जिच्या जिवावर तू वाढलीस, असं पुढं म्हणणार होते. म्हटलं नाही. ती गोष्ट तितकी सरळ नाही.

या दोघी सख्ख्या नव्हेत, पण एका घरच्या आहेत. बंगळूरच्या फ्रीजमधली युरोपाकडची, बागेत लाडानं वाढवलेली. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं नाव १७५३ सालीच नोंदवून ठेवलं. आमची माळावरची. तिला विल्डेनाव नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९९ साली 'अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस' म्हटलं, म्हणजे घोसांनी फुलणारी. आफ्रिकेपासून आपल्याकडून पुढं थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत ती आपली आपण उगवते. या घराण्यात दोनशेच्या वर जाती आहेत. लग्नातल्या पुष्पगुच्छात गुलाबामागं जी हिरवी, पिसासारखी नाजूक डहाळी खोचलेली असते, तीही त्यांच्यातलीच एक. आणि कुळ म्हणाल तर निशिगंध, सफेद मुसळी, बांधावरचा घायपात हे सगळे तिचे भाऊबंद. घायपाताशी नातं चटकन पटतं. निशिगंधाशी पटायला मला वेळ लागला. पण श्रावण-भादव्यात शतावरीच्या वेलीवर बारीक पांढरी फुलं येतात तेव्हा जवळ जाऊन वास घ्यावा, म्हणजे पटतं.

आणि वेलीवर जी पानं म्हणून दिसतात, ती पानं नव्हेत. सुईसारखी हिरवी कुसळं झुपक्या-झुपक्यांनी येतात आणि लांबून वेल हिरव्या धुरासारखी दिसते. त्या साऱ्या बारीक फांद्या आहेत. उन्हातून अन्न करायचं पानांचं काम त्यांनी अंगावर घेतलेलं आहे. खरी पानं आकसून आकसून खवल्यांएवढी उरली, आणि जून दांड्यावर त्या खवल्यांच्या बुडाशी काटे झाले, खाली वळलेले, आकडीसारखे. खिडकीपाशी मी बघत होते ते त्रिकोणी खवले म्हणजे तीच पानं. पान जेवढं पसरट तेवढं पाणी जास्त उडतं, म्हणून माळावर राहायचं तर पसरट पान परवडत नाही. पाणी सगळं खाली. एका गड्ड्याला पाच-पंचवीस, जुनी वेल असेल तर शंभरावर मुळं लोंबत असतात. बोटाएवढी जाड, दोन्ही टोकांना निमुळती, वीत-दीड वीत लांब, पांढुरकी आणि रसानं टच्च. शतमुळी हे नाव कुणा कवीनं ठेवलेलं नसावं. मोजणाऱ्यानं ठेवलं असावं.

हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, तिथं पाऊस हजारो मिलिमीटरच्या हिशेबात पडतो. आजरा, गडहिंग्लज करत ती साठेक किलोमीटर खाली संकेश्वरला येते, तोवर पावसाला पार ओहोटी लागलेली असते. नदीकाठच्या मळ्यांत ऊस आणि मिरची. संकेश्वरी मिरचीचं नाव आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. पण नदी सोडून वल्लभगडाच्या अंगाला चढायला लागलं की मुरूम, दगड, बोरी, हेकळ, तरवड. याच बाजूच्या एका गावात आत्तीला दिलेली होती. लग्न १९५३ सालचं. माहेर आणि सासर सायकलनं जाण्याच्या अंतरावर. तीन वर्षांनी राज्यांची फेररचना झाली आणि तिचं सासर म्हैसूर राज्यात गेलं, आम्ही अलीकडं राहिलो. याचा आत्तीला झालेला त्रास इतकाच, की पुढं रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. सीमाप्रश्नावर आमच्या घरात माझे वडील आणि काका तासन् तास बोलत. आत्ती आली की विषय थांबायचा आणि ज्वारीचा भाव, म्हशीचं दूध असं काहीतरी निघायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडं जात असे. त्या दिवसांत माळावर बघण्यासारखं काही नसतं. शतावरीची वरची वेल वाळून गेलेली. फार तर एखाद्या बोरीत तपकिरी तारांचा गुंता अडकलेला, तोही शेळ्यांनी ओढून विस्कटलेला. बऱ्याच ठिकाणी तेवढंही उरत नाही, कारण कुणीतरी गवत पेटवलेलं असतं. मुळं काढायची वेळ मात्र हीच. वेल हिरवी असताना मुळांतलं सत्त्व वर जातं, असं आत्तीचं म्हणणं. वाळली की ते खाली उतरून बसतं. तेव्हा काढायची ती वैशाखात, म्हणजे जमिनीवर खूण नसताना.

आत्ती कुदळ आणि पाण्याची कळशी घेऊन निघायची, मी मागं. चालता चालता पुटपुटायची. "म्हसोबाच्या वरल्या अंगाला एक. पाणंदीच्या वळणावर दोन. हेकळीच्या बुडाला एक, ती औंदा ऱ्हाऊ दे. खणीच्या काठाची गेल्या साली काढलिया." मला वाटायचं ती देवाचं म्हणते आहे. मग एका जागी थांबून, जिथं मला मुरमाशिवाय काही दिसत नसे, तिथं ती बसकण मारायची आणि कुदळीनं कडेकडेनं माती मोकळी करायची. हातभर खाली गेलं की पांढरं मूळ दिसायचं. दर वेळी. चुकलेली मी तिला एकदाच पाहिली, आणि त्या दिवशी ती रानडुकरांना शिव्या देत घरी आली.

काढायची एक रीत होती. गड्ड्याला हात लावायचा नाही. ज्या अंगानं उकरलं त्याच अंगाची मुळं कापायची, निम्मी, पलीकडची तशीच ठेवायची. खड्ड्यात कळशीतलं पाणी ओतायचं, माती लोटायची, पायानं दाबायची आणि वर एक सपाट दगड ठेवायचा. तोडलेल्या जागेवर तीन वर्षं यायचं नाही. हे तिनं मला शिकवलं नाही. ती करत गेली, मी बघत गेले. एकदाच विचारलं, सगळी का नाही काढत? "सगळी काढायला ती काय रताळी हाईत?" म्हणाली.

घरी आल्यावरचं काम जास्त वेळखाऊ. मुळं धुवायची, वरची साल नखानं सोलायची आणि मधला दोरा ओढून काढायचा. मुळाच्या मधोमध एक चिवट शीर असते, ती राहिली तर कुटताना पीठ होत नाही. दोरा एका दमात सळकन निघाला की फार बरं वाटायचं. सुट्टीतलं माझं हे आवडतं काम. मग तुकडे सावलीत वाळत घालायचे. टोपलीभर ओली मुळं वाळून ओंजळभर उरतात, बाकी सगळं पाणी. दुष्काळात झाड कशावर जगतं ते त्या ओंजळीकडं बघितलं की कळतं. वाळलेले तुकडे उखळात कुटून वस्त्रगाळ करायचे. त्यातलं बाळंतिणींना दुधातून, खडीसाखर घालून, आणि उरलेला चोथा म्हशीच्या आंबोणात. म्हशीला त्यानं दूध वाढतं यावर गावात दोन मतं नव्हती. बायकांच्या बाबतीत जरा वाद असे. म्हैस निदान मापून दाखवता येते.

मी बारा वर्षांची असेन. ओसरीवर आम्ही तिघी दोरे काढत बसलो होतो. मी, आत्ती आणि धाकटी. धाकटीचं माहेर गोकाककडचं, घरात ती मराठी बोलायची, तेही आत्तीनंच शिकवलेलं. पण मुलांना निजवताना, रागावताना आणि देवापुढं ती कानडीच. तिला आम्ही काकी म्हणायचो. का म्हणायचो, ती कुणाची कोण, हे मला कधी पडलेलं कोडं नव्हतं. मोठ्या घरात काकी असतातच. शाळेत तेव्हा हिंदीच्या बाईंनी एकेका वस्तूची वेगवेगळ्या भाषांतली नावं जमवायला सांगितली होती. मी सहज विचारलं, "काकी, शतावरीला कानडीत काय म्हणतात?"

"हलवु मक्कळ तायि बेरु," ती म्हणाली. मला काही कळलं नाही म्हणून तिनं फोड करून सांगितली. हलवु म्हणजे पुष्कळ, मक्कळ म्हणजे लेकरांची, तायि म्हणजे आई, बेरु म्हणजे मूळ. पुष्कळ लेकरांची आई असलेलं मूळ. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला आणि हातातला दोरा मधेच तुटला.

आत्तीनं मान वर केली नाही. "म्हंजे माझी सवतच की गं," ती म्हणाली आणि हसली. मोठ्यानं हसली. जरा वेळानं धाकटीही हसली. मीही हसले, कारण त्या हसत होत्या.

पुढं मराठीच्या एम.ए.ला असताना ग्रंथालयात अमरकोश चाळत बसले होते. वनौषधी वर्गात शतावरीची नावं ओळीनं दिलेली आहेत: शतमूली, बहुसुता, अभीरु, इन्दीवरी, वरी. बहुसुता या शब्दावर मी थांबले. पुष्कळ लेकरांची. गोकाकच्या बाईनं ओसरीवर फोड करून सांगितलेलं नाव हजारभर वर्षांहून जुन्या संस्कृत कोशात जसंच्या तसं बसलेलं होतं. कानडीनं ते संस्कृतातून घेतलं, की संस्कृतानं कुठल्या गुराख्याच्या बोलीतून उचललं, हे मी कशाच्या जोरावर सांगणार? मुळांचा घोस उकरून वर काढला की ज्याला त्याला तेच सुचत असेल. मराठीनं तेवढी शतावरी, शतमुळी अशी आकड्यांची नावं ठेवली आणि लेकरांना वगळलं. आत्तीच्या जिभेवर मराठीच नाव होतं, याचं मला पुढं फार बरं वाटलं.

कारण मला नसलं तरी बाकी सगळ्यांना तेव्हाही माहीत होतं. मला कळलं ते १९९१ साली. माझं बाळंतपण माहेरी झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी दूध पुरेना, पोर रडून रडून काळीनिळी. निरोप गेला आणि आत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. संकेश्वरपर्यंत कर्नाटकाची बस, पुढं आपली एस्टी, खांद्यावर पिशवी. पिशवीत ओली मुळं, पुडीत पूड. ती ओसरीवर पाय धूत असताना आई आत दुधात पूड ढवळत होती, आणि ढवळता ढवळता बोलून गेली, "हे मूळ काढायला ती कशापायी शिकली ठाऊक हाय का तुला?"

लग्नानंतर आठ वर्षं आत्तीला मूल झालं नाही. कुणा वैद्यानं शतावरी सांगितली. दूध वाढण्याखेरीज आयुर्वेदात तिचं नाव गर्भाशयाच्या बळासाठीही येतं. मधुर, शीत, स्निग्ध असं तिचं वर्णन आहे. तर आत्तीनं माळ पालथा घातला. आठ वैशाख तिनं स्वतःसाठी मुळं उकरली, स्वतः सोलली, स्वतः कुटून स्वतः प्यायली. नवव्या वर्षी घरात धाकटी आली. दुसरं लग्न १९५५ च्या कायद्यानं गुन्हा ठरलेलं होतं, खरं गावात तो कायदा वाचून दाखवायला कोण बसलं होतं? माझे आजोबा गेले नाहीत, वडील गेले नाहीत. सीमाप्रश्नावर मोर्चाला जाणारी माणसं तेरा-चौदा किलोमीटरवर बहिणीच्या घरी विचारायला गेली नाहीत. धाकटीला पाच मुलं झाली. पाचही बाळंतपणांत मुळं आणली ती थोरलीनं.

मी ते दूध प्याले. पूड तळाला बसली होती, ती बोटानं पुसूनही खाल्ली.

दूध वाढलं का? वाढलं. पण कशानं, हे मला आजही सांगता येत नाही. नंतर वाचलं ते असं. १९९६ साली इंडियन पीडियाट्रिक्समध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. दूध कमी असलेल्या आयांपैकी काहींना शतावरी दिली, काहींना नुसतंच तसं दिसणारं काहीतरी. दोन्हींत फरक आढळला नाही. २०११ साली दुसरी एक चाचणी आली. तीत शतावरी घेणाऱ्या बायकांच्या रक्तात दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक बरंच वाढलेलं आढळलं. मुळांतल्या शतावरिन नावाच्या घटकांवर अजून काम चालू आहे. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आमच्या बेळगावातच आहे, तिच्या फाटकावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते. दुकानात शतावरीच्या डब्यावर हसऱ्या आईचं चित्र असतं आणि आत निम्म्याहून जास्त साखर. तो डबा कुणी विचारला तर मी घेऊ नकोस म्हणत नाही. आधी डॉक्टरला विचार, एवढंच म्हणते. माझ्यापुरतं सांगायचं तर तेव्हा दिवसातून तीनदा पेलाभर दूध पोटात जात होतं, आत्ती रात्रभर पोर मांडीवर घेऊन बसत होती आणि मी वीस दिवसांत पहिल्यांदा सलग पाच तास झोपले होते. यातलं काय वजा करून बाकी मोजायची?

ती पंधरा दिवस राहिली. जायच्या दिवशी मी तिच्याकडं हट्ट धरला की मला एक अख्खी वेल दे, गड्ड्यासकट. मी बेळगावात टिळकवाडीत राहत होते, मागं परसू होतं, कुंड्या होत्या. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला ते पटलेलं नाही. पण पुढच्या पावसाळ्यात तिनं खरंच एक लहान गड्डा ओल्या गोणपाटात बांधून पाठवला.

पहिल्या वर्षी वेल काय देखणी झाली! खिडकीच्या गजांवरून चढली, सगळ्या घराला हिरवी जाळी. येणारा-जाणारा विचारायचा. काट्यांनी माझी एक चांगली साडी फाडली, तेही मी कौतुकानं सांगायची. दिवाळीनंतर बारीक लाल फळं धरली. मार्चमध्ये ती पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. एप्रिलमध्ये सगळी कुसळं झडून नुसत्या तारा राहिल्या. मेच्या मध्यावर मी तारा ओढून काढल्या, कुंडी उपडी केली आणि माती कंपोस्टच्या खड्ड्यावर ओतून फावड्यानं पसरली. फावड्याखाली कचकच असा आवाज झाला. बघते तर पांढरी टच्च मुळं, चाळीस-पन्नास तरी असतील, मधोमध चिरलेली, आणि त्यांतून पाणी निथळतंय. गड्ड्याचेही दोन तुकडे झाले होते. एका तुकड्यावर गुलाबी डोळा फुगून आलेला होता.

हे मी आत्तीपासून लपवायला हवं होतं. लपवलं नाही. पुढच्या भेटीत आपणहून सांगितलं, हसत हसत, आपल्याच गबाळेपणाची गोष्ट म्हणून. ती चुलीपुढं बसली होती.

"वाळली म्हणून टाकलीस?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि मला चहा दिला. मला त्यात साखर कमी वाटली; मागितली नाही.

आत्तीला आणि शतावरीला एका मापानं मोजण्याचा मोह मला फार वेळा होतो. लिहिणाऱ्या माणसाला तो होणारच, आणि ऐकणारेही लगेच मान डोलावतात. मी तो करत नाही. सवत म्हणून तिनं एकदाच तिला नाव ठेवलं. त्यापुढचं नातं लावायचा मला अधिकार नाही.

आत्ती २०१६ च्या उन्हाळ्यात गेली. झोपेत गेली, बरं झालं, असं सगळे म्हणाले. त्यानंतर त्या गावाला जाणं सुटलंच. २०२३ ला पावसानं दगा दिला. कर्नाटकातले बहुतेक सगळे तालुके सरकारनं दुष्काळी जाहीर केले. बेळगावातही टँकर हा शब्द पुन्हा रोजच्या बोलण्यात आला. त्या उन्हाळ्यात मला सारखा तो माळ आठवायचा. पुढच्या जूनमध्ये पाऊस वेळेवर सुरू झाला आणि मी एका सकाळी उठून गेले.

महामार्गाच्या रुंदीकरणात गावाची कमान जाऊन तिथं सर्व्हिस रोड आला आहे. पाणंदीवर काँक्रीट. वळणावरच्या दोन वेलींचा हिशेब तिथंच मिटला. माळाची गडाकडची बाजू खडीसाठी कापून नेली आहे, त्यामुळं आता तिकडं नुसता उभा कडा, त्याच्या तळाशी हिरवं पाणी. जुनी खण त्या कड्यातच कुठंतरी विरून गेली. घरी धाकटी होती. पंच्याऐंशीची असावी. पाचही मुलं बाहेर, संकेश्वर, हुबळी, पुणे. एक नातू तिच्याजवळ राहतो. तिनं मला ओळखायला वेळ लावला, आणि ओळखल्यावर मराठीत बोलायला त्याहून जास्त. थोरली गेल्यापासून मराठी बोलायला घरात कुणी नाही, असं नातू म्हणाला. तो स्वतः हे मला चांगल्या मराठीतच सांगत होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मी माळावर जाऊन येते म्हटलं. ती काठी घेऊन उठली. नातू नको म्हणत होता, तिनं ऐकलं नाही. वाटेत ती काहीतरी पुटपुटत चालली होती. मी कान देऊन ऐकलं. आकडे कानडीत होते, ओंदु, एरडु, पण जागा मराठीत होत्या. म्हसोबाच्या वरल्या अंगाला. हेकळीच्या बुडाला.

म्हसोबा होता, नवा शेंदूर फासलेला. त्याच्या वर वीस-पंचवीस पावलांवर ती थांबली. मला तिथं काही दिसेना. ओला मुरूम, शेळ्यांच्या लेंड्या, एक सपाट दगड. तिनं काठीच्या टोकानं दगड बाजूला लोटला, वाकवेना तरी वाकली आणि माती बोटानं जरा उकरली.

"इल्ले ऐति नोड," ती म्हणाली. हितंच हाय, बघ.

एक कोंब होता, दोन बोटं उंच, मातकट. अंगावर त्रिकोणी खवले, शेंड्याकडं दाट होत गेलेले. मी तो मोडून तोंडात टाकायला हात पुढं केला. तिनं काठी माझ्या मनगटावर टेकवली.

"बिडु," म्हणाली. राहू दे.

मग दगड पुन्हा जागच्या जागी, पण कोंबाला वाट राहील असा जरा तिरका ठेवून, ती हेकळीच्या दिशेनं चालू लागली.